कुंपणाच्या दोन्ही बाजूंचा गहू

मी, एदेल्मिरा लार्सेन, वय एकोणऐंशी, कै. आन्सेल्मो यांची पत्नी, राहणार कोलोनिया सान एलादियो, त्रेस आरोयोसजवळ, आज पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने माझ्यामागची व्यवस्था सांगत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही. नोटरी साबिना ओल्मेदो हे लिहून घेत आहेत आणि मध्येच "हे लिहायलाच हवं का, बाई?" असं विचारत आहेत. हो, लिहायलाच हवं.

कलम पहिले. जमीन माझ्या दोन मुलांना, रुबेन आणि मिर्ता यांना, समसमान. कायद्याने त्यांचा जो वाटा ठरतो तो यात आलाच. मिर्ताला शेतीत रस नाही, तिने आपला भाग भावाला कसायला द्यावा. घर मात्र एकट्या मिर्ताचं. निलगिरीची झाडं तोडू नयेत, नाहीतर दक्षिणेकडचा वारा थेट स्वयंपाकघरात येईल.

कलम दुसरे. माझं भिंग रुबेनला. रुबेन गुणी आहे, पण त्याचा हात शिवशिवतो. गव्हाच्या पानावर एक ठिपका दिसला की हा निघालाच फवारणीचं यंत्र घेऊन. बाळा, आधी खाली वाक. ठिपका बुरशीचा आहे की थंडीने पान करपलंय ते बघ. रोग खालच्या पानांवरच थांबलाय की ओंबीखालच्या शेवटच्या पानाकडे चढतोय ते बघ. मग काय ते कर.

कलम तिसरे. रस्त्याकडेची बिनफवारणीची पट्टी दरवर्षी तशीच सोडावी. औषध न मारलेला गहू शेजारी असल्याशिवाय मारलेल्याला गुण आला की नाही, हे कसं कळणार? शेजारी अबेलार्दो इराओला गेली कित्येक वर्षं तिला "एदेल्मिराची लाज" म्हणतो. म्हणू दे. याच पट्टीने मला सर्वांत आधी सांगितलं की निळ्या डब्यातलं औषध संपलं. डबा भरलेलाच होता, पण फवारलेलं शेत आणि पट्टी सारखीच डागाळली होती.

आता अबेलार्दोचा विषय निघालाच आहे, तर कलम चौथे. त्यात मी त्याला काहीही देत नाही, फक्त झालं ते नोंदवते. आमच्या वसाहतीत एक खोड आहे. एकाचं यंत्र शेतात दिसलं की सगळ्यांची बाहेर पडतात, पान कोणीच बघत नाही. गव्हावर पिवळ्या तांबेऱ्याची साथ आली त्या वर्षी एका रविवारी सगळे आमच्याकडे जेवायला होते, मांस निखाऱ्यावर होतं. अबेलार्दो हळूच सटकला आणि थोड्या वेळाने त्याच्या यंत्राचा आवाज आला. झालं! पाहुणे हातातले सुरे टाकून पळाले. आन्सेल्मोही उठले तेव्हा मी म्हटलं, "बसा खाली! आपल्या गव्हावर काही नाही, मी सकाळीच बघितलंय." आम्ही दोघांनी पोट फुटेस्तोवर खाल्लं. बाकीच्यांनी मारलं ते निळंच औषध, तेही हात आखडून अर्धं. पुढेही दरवर्षी तेच, अर्धंच. जी बुरशी त्यातून वाचली तिचीच पिल्लावळ वाढली. शेवटी ती त्या औषधाला दाद देईना. तिने कुंपण बघितलं नाही, माझ्याही शेतात आली. त्या वर्षी मला फार राग आला होता. तो अजून गेलेला नाही.

कलम पाचवे. पत्ते अबेलार्दोला. त्रुको खेळताना तो डोळे मिचकावून भिडूला खुणा करतो. खुणा खेळात चालतात, पण त्याच्या सगळ्या टेबलाला कळतात.

कलम सहावे, आणि खरं महत्त्वाचं. आता एक नवं औषध आलं आहे आणि ते चालतं. त्याचीही निळ्यासारखी गत झाली तर आमच्या पोरांच्या हातात काही उरणार नाही. ते एका हंगामात एकदाच, पूर्ण मात्रेत, दुसऱ्या जातीच्या औषधात मिसळून मारायला हवं, आणि धसकटावर लागोपाठ गहू पेरायचा नाही. पण हे एकट्या रुबेनने करून भागत नाही. म्हणून माझं मोठं फवारणी यंत्र मी रुबेन लार्सेन आणि अबेलार्दो इराओला यांना मिळून देते. दोघांचा होकार असल्याशिवाय ते शेडबाहेर काढू नये. रुबेनच्या घाईला अबेलार्दोचा कंजूषपणा आवर घालेल आणि अबेलार्दोचा अर्धा हात रुबेन पुरा करेल. दोघांतल्या एकानेही नाकारलं तर यंत्र विकून पैसे अग्निशमन दलाला द्यावेत.

यानंतर काय घडलं तेही माझ्या आग्रहाने इथे लिहिलं आहे. आपली निंदा त्याने गप्प बसून ऐकावी म्हणून मी अबेलार्दोलाच साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. सहावं कलम ऐकून तो उभा राहिला.

"अगं, तू मला शिव्या द्यायला बोलावलंस की यंत्र द्यायला?"

"दोन्हीला. बस खाली."

नोटरीबाई म्हणाल्या, "बसू नका. ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही. यंत्र आणि पत्ते नको असतील तर सही करा."

अबेलार्दोने लेखणी उचलली आणि बराच वेळ धरून ठेवली. "तुझा पोरगा माझं ऐकेल?"

"नाही ऐकणार. तू त्याचं ऐकशील?"

"मुळीच नाही!" असं म्हणून त्याने लेखणी टेबलावर ठेवली, टोपी घातली आणि बाहेर गेला. बाहेर रुबेन गाडीत माझी वाट बघत होता, खिडकीतून मला दिसत होता. अबेलार्दो दार उघडून सरळ त्याच्या शेजारी जाऊन बसला. रुबेनने माते चहाचा पेला भरून त्याच्यापुढे धरला. थोड्याच वेळात दोघांचे हातवारे सुरू झाले. काच बंद होती, पण रुबेन दोन्ही हातांनी पूर्ण भरलेली टाकी दाखवत होता आणि अबेलार्दो नाही-नाही म्हणून मान हलवत होता. माझे डोळे भरून आले. हेही लिहा, बाई.

दुसरा साक्षीदार शेजारच्या पावाच्या दुकानातून आणावा लागला.

मृत्युपत्र करणार: एदेल्मिरा लार्सेन (सही)
साक्षीदार: देलिया पाचेको, शिक्षिका (सही)
साक्षीदार: तेओफिलो ब्रूनेत्ती, पाववाला, हाताला पीठ असल्याने सहीवर डाग (सही)
नोटरी: साबिना ओल्मेदो (सही व शिक्का)
स्थळ: त्रेस आरोयोस, ब्यूनोस आयर्स प्रांत
दिनांक: ९ ऑगस्ट २०२३. गहू अजून घोट्याएवढा आहे. भांडायला त्यांना वेळ आहे.