मोरीसरांचं 'जरा...'

मंगळवार, सलवा, कुवेत

वाट बघूनच दमले मी.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे म्हणून मागच्या आठवड्यात मोरीसरांकडे चार दिवसांची रजा मागितली. या छोट्या जपानी शाळेचे ते मुख्याध्यापक, मी इंग्रजीची बाई. ते हसले, मान कलती केली, "जरा..." म्हणाले आणि गप्प. मला वाटलं, विचार करताहेत. त्या 'जरा...'वर आठ दिवस काढले.

आज शिक्षकांच्या खोलीतल्या फळ्यावर पुढचं वेळापत्रक लिहिलेलं दिसलं. चारही दिवस माझे तास. शेजारच्या वर्गाच्या साकीबाईंना विचारलं, तर हळूच म्हणाल्या, "दीपा सेन्सेई, ते 'जरा...' म्हणजे 'नाही' होतं. त्याच दिवशी सांगितलं की त्यांनी."

कुवेतला येऊन तीन वर्षं या जपानी लोकांच्याच इमारतीत राहते, यांच्यासारखी वाकून नमस्कार करते. आणि साधं 'नाही' कळू नये? की कळून घ्यायचंच नव्हतं?

सरळ सरांच्या खोलीत गेले. "सर, आईला माझ्याशिवाय कुणी नाही. मी जाणार आहे." आवाज चढला असावा. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "माझी आई आजारी होती, तेव्हा मी रजेचं विचारलंच नाही." उठले, बाहेर आले आणि फळ्यावरचं माझं नाव स्वतः पुसलं. रडूही आलं नाही मला, इतकी थकले होते.

घरी येऊन आईला फोन लावला. "कशाला येतेस एवढ्या लांबून? ठणठणीत आहे मी. अजिबात येऊ नकोस," म्हणाली. आणि त्याच दमात, "विमान किती वाजता उतरतं?"