डाव्या क्लॅम्पची सविस्तर हकीकत

॥ श्री महादेव ॥
पूर्णा, गुरुवार

आदरणीय शिवप्रकाश दाजी यांना मल्लेशचा शरणु शरणार्थ.

आम्ही इकडे बरे आहोत आणि आपणही आदिलाबादेत बरे असाल, असं धरून चालतो. गुडघा कसा आहे? तिकडची थंडी त्याला मानवते का? आईची तब्येत उत्तम आहे (म्हणजे बोलणं उत्तम आहे, बीपी वर जातं, पण ते आमचं). फोनच केला असता, परंतु आपला फोन ताई उचलते आणि इकडे मी बोलत असलो की आमची महेश्वरी ऐकायला स्वयंपाकघरातला मिक्सर बंद करते. म्हणून हे पत्र, आणि तेही आपल्या ऑफिसच्या पत्त्यावर.

बदली झाली तेव्हा आपण मोटारसायकल माझ्या दारात लावलीत आणि चार माणसांदेखत म्हणालात, "मल्लेशकडं दिलेली वस्तू दिली तशी परत येते. सगळ्या सोयऱ्यांत हा एकच असा." दाजी, गाडीपेक्षा मला ते वाक्य सांभाळणं जड गेलं. दीड वर्ष सांभाळलं. आता पुढच्या रविवारी आपण गाडी न्यायला येणार, आणि गाडी दिली तशी नाही. पुढची काच ज्या दोन क्लॅम्पवर बसते, त्यातला डावा मोडला. डायरीत मी त्या दिवशी "क्लॅम्प मोडला" असं लिहिलं. मग हे पळपुटेपणाचं वाटून "क्लॅम्प मी मोडला" असं केलं. मग वाटलं, एवढं श्रेय एकट्याने घेणंही बरोबर नाही. पिंगळी ते पूर्णा रस्त्याचाही त्यात वाटा आहे. शेवटी समासात रस्त्याचं नाव घातलं.

घडलं ते असं. ताईला घाण्याचं करडीचं तेल पाहिजे होतं (आदिलाबादेतलं तेल तिला पाण्यासारखं लागतं). मी पिंगळीच्या घाण्यावरून पाच पाच लिटरचे दोन डबे घेतले. हँडलला अडकवले तर गुडघ्याला लागत होते, मागे बांधायला दोरी नव्हती. तेव्हा घाणेवाल्यानेच दोन्ही डबे नायलॉनच्या पिशवीत घालून पिशवी काचेच्या डाव्या क्लॅम्पला अडकवली आणि म्हणाला, "सर, आमच्याकडची समदी पूर्णेची गिऱ्हाईकं अशीच न्यायलीत. काय होत न्हाई." आपल्याकडे "काय होत न्हाई" हे शब्द ऐकले की पुढे काय होणार हे चाळिशी उलटलेल्या माणसाला कळायला पाहिजे. मला कळलं, पण तो अडाणी ठरेल म्हणून मी बोललो नाही. तिसऱ्या खड्ड्यात क्लॅम्प गेला. तेल वाचलं. त्यामुळे नैतिकदृष्ट्या हा अपघात ताईच्या खात्यावर पडतो की माझ्या, याचा मी दोन रात्री विचार केला. निष्कर्ष तिच्या विरोधात जायला लागला तेव्हा विचार थांबवला.

आधी घरगुती उपाय केला. मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. त्यातला मनुष्य दोन रंगांची गोळी मळून लावतो आणि चोवीस तासांनी त्या सांध्याला ट्रक बांधून ओढतो. मी चोवीसच्या जागी छत्तीस तास थांबलो. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गतिरोधकावर काच मान टाकून माझ्या मांडीवर आली. आई ओट्यावरून बघत होती. म्हणाली, "वारं लागू नये म्हणून काच लावायलेत, आन् वारं खायला गाडीवर जायलेत. घरीच बसावं की मग."

मग परभणीला शोरूमला गेलो. दाजी, तिथे आता दुकानात जातो तसं कोणी जात नाही. तिथे आपल्याला नेलं जातं. एका मुलीने पाणी दिलं, दुसरीने नाव, वाढदिवस आणि लग्नाचा वाढदिवस विचारला (क्लॅम्पशी त्याचा संबंध मी विचारणार होतो, पण ती तारीख आठवण्यातच वेळ गेला). काउंटरवरचा गृहस्थ संगणकात बराच वेळ पाहून म्हणाला, "सर, क्लॅम्प सुटा येत नाही. काच, दोन्ही क्लॅम्प, खालचा पत्रा, सगळी असेंब्लीच घ्यावी लागते." मी म्हटलं, काच चांगली आहे. तो म्हणाला, "चांगलीच असती सर, कंपनीची आहे." त्याने सांगितलेला आकडा मी इथे लिहीत नाही, आपण ऑफिसात उभ्याने हे वाचत असाल. निघताना ती दुसरी मुलगी म्हणाली, फोन येईल, सर्व्हिसला दहापैकी दहा द्या. आता जे काम झालंच नाही त्याला दहा कसे द्यायचे? पाण्याचे दोन, खुर्चीचे दोन, बोलण्याचे तीन, असे प्रामाणिकपणे सात दिले. त्यानंतर तीन दिवस मला फोन येत होते. शेवटचा त्या मुलीचाच होता. ती म्हणाली, "सर, सातला आमच्याकडे शून्य धरतात." मी आयुष्यभर ज्यांना सात दिले ते सगळे मला त्या क्षणी आठवले. मी दहा करून टाकले. डायरीत मात्र सातच आहेत.

अखेर सिताराम. हा तिफणी, वखर, कोळपी अशी शेतीची अवजारं करणारा. याचं दुकान आपण पाहिलेलं आहे. त्याने मोडका तुकडा हातात घेतला, वास घेतल्यासारखा नाकाजवळ नेला आणि म्हणाला, "जर्मल हाय सर. ह्याला वेल्डिंग धरत न्हाई." (जर्मल म्हणजे ॲल्युमिनियम.) मग कोपऱ्यातून वखराची जुनी पास काढली, म्हणजे ती जमिनीत घुसणारी लोखंडी पट्टी. "ही सटवाजीच्या वखराची. बारा वर्सं काळ्या रानात चाललीय. तुमची काच काय लागून गेली?" कापली, तापवली, वाकवली, मोडक्या तुकड्यावर धरून मापली. मी म्हटलं, भोकं दोनच पाहिजेत, तू तीन का पाडतोस? तर म्हणाला, "वरखाली करायला. पेरणीला येगळं, कोळपणीला येगळं." मी म्हटलं, मोटारसायकलला कोळपणी नसते. त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि तिसरं भोक पाडलं. सांगायला आनंद वाटतो की त्या तिसऱ्या भोकातच काच बरोबर बसली. खर्च विचारला, तर "ऱ्हाऊ द्या, मुलाला तुमच्या लायब्ररीतून पुस्तकं देता की," म्हणाला. मी हे लाच होते का यावर विचार करतो आहे.

तेव्हा दाजी, गाडी दिली तशी नाही, पण दिली त्याहून बळकट आहे. उजवा क्लॅम्प कंपनीचा आणि डावा वखराचा. आता उजवाच कमकुवत वाटतो. महेश्वरी तर गल्लीभर सांगते आहे की शोरूमवाल्यांनी लुटायला घेतलं होतं, आमचे हे फसले नाहीत. तिने माझं असं कौतुक लग्नानंतर पहिल्यांदाच केलं आहे. शेजारचा जीवन सिताराम कुठे बसतो ते विचारून गेला. आपण यावं, पाहावं आणि जे मनात येईल ते स्पष्ट बोलावं. ताईस नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
मल्लेश

ता. क. चाळीसच्या वर काच गुणगुणते. सिताराम म्हणतो, तो वाऱ्याचा दोष आहे. पस्तीसने गेल्यास काही ऐकू येत नाही, पण मग आदिलाबादला पोचायला अख्खा दिवस जाईल. गाडी रेल्वेने न्यावी.

ता. क. आणखी एक. पत्र लिहिण्याचं खरं कारण वर राहून गेलं. शोरूममध्ये ती मुलगी "सर, आज बुक केलं तर आठ दिवसांत येईल," असं म्हणाली तेव्हा ती इतकी उत्साहात होती की मला नाही म्हणता आलं नाही. आपलं ते चार माणसांतलं वाक्यही कानात होतं. सगळ्या असेंब्लीचे पैसे मी तिथेच भरून आलो. सितारामकडे गेलो ते मधले आठ दिवस निभावण्यासाठी. परवा असेंब्ली आली. परत घेत नाहीत. चार फुटी खोकं सध्या कॉलेजच्या ग्रंथालयात, जुन्या मासिकांच्या कपाटामागे उभं आहे, आणि आपण येता त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारपासून, वार्षिक पडताळणी आहे. घरी नेलं तर महेश्वरीला कळेल, आणि मग मी गल्लीत तोंड दाखवू शकणार नाही. तेव्हा रविवारी आपण स्टेशनवरून आधी ग्रंथालयात यावं, मी किल्ली घेऊन थांबतो. ते खोकं आपण उचलून घरी आणावं आणि सर्वांसमोर म्हणावं की हे मीच आदिलाबादहून हौसेने आणलं. मला स्वतःला खोटं बोलता येत नाही, त्याला सराव लागतो. आपल्याला आहे, असं ताई नेहमी सांगते.