बाबांच्या कानाचा फोटो

३ मार्च

मी केलेली सायकलवाल्याची वेबसाइट आज सुरू झाली! सकाळपासून फोनवर उघडून बघतेय, मिटतेय, परत उघडतेय. पहिल्या पानावर चाकाचा फोटो, एकेक तार चमकतेय — दुकानाच्या फरशीवर पालथी पडून काढलाय. कपड्यांना लागलेलं वंगण अजून निघालेलं नाही. सायकलवाला म्हणाला, "ताई, हे माझंच दुकान ना?" याहून मोठं प्रशस्तिपत्रक नको मला.

५ मार्च

नवीन काम! कानाची यंत्रं विकणाऱ्या बाई. आवाज एकदम खणखणीत, दिवसभर तसंच बोलायची सवय. त्यांच्या जुन्या वेबसाइटवर एक गोरेपान हसरे आजोबा आहेत. हेच आजोबा मी विम्याच्या आणि गुडघ्याच्या तेलाच्या जाहिरातीतही बघितलेत! विकतचा फोटो. म्हटलं, खरा माणूस हवा. बाई म्हणाल्या, "आणा की मग."

मला लगेच बाबा आठवले. त्यात माझा स्वार्थ आहे, इथे लिहायला काय हरकत? बाबांना नीट ऐकू येत नाही, हे बाबा सोडून सगळ्यांना माहीत आहे. तपासणीचं नाव काढलं की, "मला सगळं येतं ऐकू. तुम्हीच पुटपुटता." हल्ली आत्याचा फोनही घेत नाहीत. जेवताना आई आणि मी बोलतो, ते ताटात बघत बसतात. भीती वाटते मला. खुर्चीत बसल्या बसल्या बाबा घरातून निघून चाललेत.

कानाला लावून एकदा सवय झाली, तर कदाचित...

६ मार्च

विचारलं. "नुसता फोटो, बाबा. कानाला लावायचं आणि खिडकीशी बसायचं."

"किती वाजता?"

एवढंच! फोटो परवा आहे, दाढी आजच करून मोकळे.

८ मार्च

काय फोटो आलेत! खिडकीवर पांढरी चादर टांगून ऊन मऊ केलं. बाईंनी डबीतून दिलेलं यंत्र फार चकाकत होतं, त्यावर पावडरचं बोट फिरवलं. बाबांचे पिकलेले कल्ले, कानाची पाळी, मागून डोकावणारं यंत्र... माझ्याच कामावर मी खूश!

आई समोर उभी राहून म्हणाली, "अगदी नवरदेव दिसताय."

"चेष्टा पुरे," बाबा म्हणाले.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. आई वाकून म्हणाली, "अहो, ऐकू येतंय?"

"ओरडू नकोस."

फोटो संपले तरी बाबांनी यंत्र काढून दिलं नाही. बाईंना कळवलं, अजून थोडे फोटो घ्यायचेत. चक्क थाप!

११ मार्च

घरात सध्या एकच उद्योग — बाबांसमोर बसून यंत्राची परीक्षा घेणं. आई आजवर स्वयंपाकघरातूनच हाका मारायची. आता हात पुसत बाहेर येते, समोर बसते, बोलते आणि उत्तराची वाट बघते. यंत्र चालतंय का, ते कळायला हवं ना! मीही लॅपटॉप मिटून बसते. टीव्ही बंद. बाबा प्रत्येक वेळी पास.

काल त्यांनी कारखान्यातल्या साहेबाचा केसांचा टोप पंख्यात कसा अडकला, ते सांगितलं. आईला हसता हसता ठसका लागला. मला ही गोष्ट माहीतच नव्हती.

१३ मार्च

आत्या आली होती. भाऊ-बहीण समोरासमोर बसून तासभर भांडले. इतकं बरं वाटलं!

१५ मार्च

बाईंची साइट सुरू! बाबा पहिल्या पानावर. बाईंना फोनवर फोन, "फोटोतलं ते यंत्र कोणतं?" आज मला स्वर्ग दोन बोटं उरलाय. चाकाचा फोटो चांगला होता, पण माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम हेच. कोण म्हणतं फोटो काढून काही होत नाही? आमच्या घरात बाबा परत बोलायला लागले!

सोमवारी बाईंकडे जाऊन तेच यंत्र बाबांसाठी विकत घेणार. आईला सांगितलं. आईने मला जवळच घेतलं.

१७ मार्च

"हेच द्या," म्हटलं. बाई हसायलाच लागल्या. "अहो, तो फोटोपुरता नमुना! आत काहीच नसतं त्याच्या, नुसतं टरफल. मी सांगायलाच विसरले बघा."

म्हणजे इतके दिवस बाबांना ऐकू येत होतं, ते आम्ही समोर बसून बोलत होतो म्हणून.

बाईंच्या दुकानातच रडले. त्यांना काही कळेना. पाणी दिलं, बाबांच्या तपासणीची वेळ ठरवून दिली. निघताना म्हणाल्या, "तेवढा नमुना परत आणून द्या हं."

हरवला, म्हटलं.