एका ट्यूबचे सतरा धनी

पळसदेव,
२४ ऑक्टोबर १९९६

तीर्थस्वरूप बाजीदादास,

तुझ्या धाकट्या बहिणीचा, जयवंताचा, वाकून नमस्कार. तू आणि वहिनी ठणठणीत असाल असं धरून चालते, कारण औषधाच्या दुकानात उभं राहणाऱ्या माणसानं आजारी पडू नये, गिऱ्हाइकाचा विश्वास उडतो. आईचा गुडघा कसा आहे? (तिला सांग, खाली बसून भाजी निवडू नकोस. ऐकणार नाही, पण सांग.) आमच्याकडचं कुशल विचारशील, तर सगळे जिवंत आहेत. त्यात माझा थोडा वाटा आहे असं मला वाटतं. घरात दुसऱ्या कुणाला वाटत नाही.

झालं असं, की गणपती गेले आणि आमच्या छकुलीच्या नाकाखाली दोन पुळ्या आल्या. चार वर्षांचं लेकरू, ते खाजवल्याशिवाय राहतंय होय? पुळ्या फुटल्या आणि काकवी सांडून वाळावी तशी पिवळी खपली धरली. ह्यांना कारखान्यातून रजा मिळेना, म्हणून मीच एसटीनं तिला इंदापूरला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीणबाई फार नेटक्या. त्यांनी मलमाची ट्यूब लिहून दिली आणि मला शाळेत धडा घोटून घ्यावा तसं बजावलं, की आधी आपले हात साबणानं धुवायचे, कोमट पाण्यानं खपली भिजवून हळू काढायची, मग मलमाचा पातळ थर लावायचा, दिवसातून तीन वेळा, आणि पुन्हा हात धुवायचे. पोरीची नखं कापायची, टॉवेल वेगळा ठेवायचा. बरं दिसलं तरी सात दिवस पुरे करायचे. आणि ही ट्यूब तिची एकटीची, घरातल्या दुसऱ्या कुणी तिला हात लावायचा नाही. मी सगळं कॅलेंडरच्या मागं लिहून भिंतीला चिकटवलं. (दहावीपर्यंत शिकल्याचा तेवढाच उपयोग.)

पण आमच्या सासऱ्यांना, म्हणजे अख्ख्या गावाच्या आप्पांना, तू ओळखतोस. तरुणपणी दोनशे मेंढरं राखलेला माणूस. मेंढरांच्या जखमा, खरूज, सडके खूर, सगळं स्वतःच्या हातानं बरं केलेलं. त्यामुळं डॉक्टर ही जात त्यांना आपल्यापेक्षा नवखी वाटते. त्यांनी माझा कागद मोठ्यांदा वाचला आणि म्हणाले, "पातळ थर लावा म्हंती. पातळ लावून कातड्याला कळंल तरी का, औषिद आलंय म्हून?" आणि भिंत लिंपावी तसं पोरीचं नाक लिंपून टाकलं. मी बोलायला गेले तर ट्यूब त्यांच्या पैरणीच्या खिशात, तंबाखूच्या पिशवीला खेटून. तिथून ती माझ्या हाती काही लागली नाही.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं कळलं. आप्पांना मांडीला जुना नायटा आहे, तिथं लावलं. दोन दिवस गार वाटलं, म्हणून औषध गुणाचं ठरलं. मग शेजारच्या रंगूबाईच्या भेगाळलेल्या टाचांना. मग जाळ्यानं बोटं कापलेल्या मासेमारांना, धरणाच्या काठावर रांगेनं. शेवटी रंगूबाईच्या म्हशीच्या सडाला. ट्यूब परत आली तेव्हा शेपटीकडून गळ्यापर्यंत गुंडाळलेली होती. तोवर छकुलीच्या पुळ्या वाळल्या होत्या, म्हणून चौथ्या दिवशी आप्पांनी जाहीर केलं, "पोरगी बरी झाली. आता कशापायी लावायचं?" मी सात दिवसांचा कागद दाखवला तर म्हणाले, कागदाला कुठं पुळ्या आल्यात!

आठवड्यानं पुळ्या परत आल्या. नाकाखाली, हनुवटीवर, कोपरावर. आणि आप्पांच्या मिशीखालीही, कारण पोरीचं नाक ज्या उपरण्यानं पुसायचे त्यानंच ते स्वतःचं तोंड पुसत. त्या सकाळी पोरीचं अंग तव्यासारखं तापलं, डोळे उघडेना, पाणीही नको म्हणाली. दादा, मी पोरीला उचललं आणि रस्त्यावर जाऊन एसटीला हात केला. मागून आप्पा अनवाणीच चढले.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि विचारलं, "मलम कुणी कुणी लावलं?" मी खाली बघितलं, आप्पांनी खिडकीबाहेर. तापानं मलूल झालेल्या छकुलीनंच बोटं मोजली, "आप्पानं लावलं, रंगूआजीनं लावलं, म्हशीनं लावलं."

बाई हसल्या नाहीत. आप्पांना म्हणाल्या, "औषध अर्ध्यावर सोडलं की उरलेले जंतू वाढतात, आणि असं वरचेवर केलं की पुढं ते त्या औषधाला जुमानत नाहीत. तुमचा नायटा तर वेगळाच रोग, त्यावर हे मलम चालतच नाही. डिझेलच्या इंजनात तुम्ही दूध ओतता का?" आता नुसत्या मलमानं भागणार नव्हतं, वजन करून पोटात घ्यायचं औषध दिलं. हे जंतू कधी मूत्रपिंडालाही बाधतात, लघवी लाल झाली किंवा तोंड सुजलं तर तडक घेऊन या म्हणाल्या. ते ऐकून आप्पा त्या दिवशी घरी येऊन जेवलेच नाहीत. पोरीच्या उशाशी बसून माश्या हाकत राहिले. मला एकदाच म्हणाले, "मेंढरू न्हाय गं हे. माझं चुकलं." पंचवीस वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द निघाल्याचं ह्यांनाही आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. औषध पुरं झालं, खपल्या गळून कातडी स्वच्छ झाली, आप्पांची मिशीही. पण सुख माझ्या नशिबी नाही. आता आप्पा साबणाची वडी घेऊन उंबऱ्यात बसतात आणि हात धुतल्याशिवाय घरात कुणाला घेत नाहीत. परवा पोस्टमनला परत पाठवलं. माझेही हात दिवसातून बारा वेळा तपासतात, आणि छकुलीची नखं इतकी कापलीत की बिचारीला शेंग फोडता येत नाही.

थोरांच्या पायाशी डोकं, लहानांच्या गालाला हात (धुतलेला).

तुझी,
जयवंता

ता. क. – मुख्य सांगायचं राहिलंच. सोमवारी आप्पा बारामतीला तुझ्या दुकानात येणार आहेत. खिशात ती ट्यूब लावलेल्या गावातल्या सतरा जणांची यादी आहे, प्रत्येकाला ज्याची त्याची वेगळी ट्यूब, म्हणजे त्यांच्या मते नियम पाळला. चहा पाज, खुर्ची दे, पण डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय एकही ट्यूब देऊ नकोस. सोयरेपणाची शपथ घालतील, विरघळू नकोस.

ता. क. दुसरा – पावनं, रामराम. पत्र टपालात टाकाया माझ्याकडं दिलं, डिंक वल्ला व्हता म्हून उघडून वाचलं. सून लिहिती ते समदं खरं हाय. फकस्त येक इसरली. फोटू काढाया जायच्या आदल्या दिशी तिच्या गालावर फोड आला व्हता, तवा खुंटीवरच्या माझ्या पैरणीतनं काढून आरशाफुडं हुबं ऱ्हाऊन तिनं बी तीच ट्यूब लावली. म्या बगितलंय. यादीत अठरावं नाव तिचं लिवा. — आप्पा