नावाआधीची जागा

१६ जुलै १९९०

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पोचले. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे आणि खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते, बाकी काही नाही. खोलीतली दुसरी मुलगी झोपेत दात खाते. तिला तसं सांगितलं तर म्हणे मी झोपेत काहीच करत नाही, मेल्यासारखी पडते.

कायद्याच्या पहिल्या तासाला सरांनी एकेकाला उभं करून विचारलं की ही वाट का धरली. कुणाला न्याय हवा होता, कुणाचे वडील वकील होते. मी म्हटलं, माझ्या भावाने प्रवेशपरीक्षेला माझं नाव घालून ठेवलं होतं, म्हणून आले. वर्ग हसला. आता तो भाऊ बल्ब आणायला म्हणून मार्चमध्ये घराबाहेर पडला तो अजून आलेला नाही, हे मी कशाला सांगत बसू?

पोलिसांकडून काही कळलं का? मला अजून रडू येत नाही गं. येत नाही याचंही काही वाटत नाही. तुझं काय ते कळव. आईला सांभाळ, म्हणजे तिला तुला सांभाळू दे.

लोभ आहेच, लवकर उत्तर टाकलंस तर वाढेल.

तुझी,
शेंडेफळ

२ ऑगस्ट १९९०

चि. वकीलवन्संस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आईंनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. पोलिसांकडून काही नाही. चौकीतले हवालदार मला लांबून पाहिलं की मान हलवतात, आणि मी तिथूनच परत फिरते. दोघांचाही वेळ वाचतो.

हे गेले तेव्हा येतो म्हणाले, चप्पल घातली आणि गेले. तिसऱ्या दिवशी बल्ब मीच आणला. अंधारात किती दिवस चाचपडायचं? शेजारणीला ते खटकलं. नवरा सापडत नाही आणि हिला उजेड सुचतोय, असं म्हणाली म्हणे. म्हणू दे.

मी चष्म्याच्या दुकानात नोकरी धरली आहे. लोकांना खुर्चीवर बसवायचं, भिंतीवरच्या पाटीवरची अक्षरं वाचून घ्यायची, भिंग बदलायचं, पुन्हा वाचून घ्यायची. माझे डोळे फार कोरडे दिसतात म्हणून मालकांनी परवा थेंब दिले. म्हणजे रडण्याच्या बाबतीत तू आणि मी सारख्याच.

उशी उन्हात घालत जा. लोभ आहे तेवढा पुरवून वापर.

तुझी,
वहिनी

९ फेब्रुवारी १९९४

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

चौथ्या वर्षाला पुराव्याचा कायदा आहे. आज बाईंनी एक कलम शिकवलं, ते तुला सांगावं की नाही याचा जेवणापर्यंत विचार केला. सांगते. एखाद्या माणसाबद्दल सात वर्षं काहीच ऐकू आलं नाही, म्हणजे तो जिवंत असता तर ज्यांच्या कानावर त्याची खबर आपसूक गेली असती त्यांनाही काही कळलं नाही, तर कोर्ट त्याला मृत धरतं. मग तो आहे असं जो म्हणेल त्याने ते सिद्ध करायचं. तोवर घरच्यांचे हात बांधलेले.

मागच्या बाकावर कुणीतरी जांभई दिली. मी सगळं वळणदार अक्षरात उतरवून घेतलं, खाली पट्टीने रेघ मारली आणि जाऊन दोनदा वाढून घेऊन जेवले. खोलीवरची मुलगी म्हणाली, आज मोठी खुशीत दिसतेस. मला स्वतःचाच राग यायला हवा होता.

आईला यातलं काही बोलू नकोस. लोभ ठेव, रागावलीस तरी ठेव.

तुझी,
शेंडेफळ

१ मार्च १९९४

चि. वन्संस,
अ. उ. आ.

रागवायचं कशाला? कलम तू थोडंच लिहिलंस.

इकडे एक गंमत झाली. आईंच्या मावसबहिणीने मला पत्र पाठवलं, त्यावर माझ्या नावाआधी सौ.च्या जागी श्रीमती घातलं होतं. आईंनी ते पोस्टमनच्या हातून घेतलं, वरचं नाव वाचलं आणि न फोडताच त्याच्या पिशवीत परत टाकलं. या नावाचं इथे कोणी राहत नाही म्हणाल्या. तो बिचारा चार वर्षं मला पत्रं देतोय, माझ्याकडे बघत उभा. मावशींनी काय लिहिलं होतं ते काही कळलं नाही.

गंमत म्हणून सांगितलं, पण मला हसू आलं नव्हतं. राग आला नाही, वाईटही वाटलं नाही. दुकानात जायला उशीर होतोय एवढंच मनात होतं.

पेपर नीट लिही. लोभ आहे, पत्ताही तोच आहे.

तुझी,
वहिनी

२० सप्टेंबर १९९६

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

एलएल.एम.च्या प्रबंधाला विषय मिळाला. तोच. बाई म्हणाल्या, तुमच्याइतक्या थंड डोक्याने या कलमावर कुणी लिहीत नाही. घ्या! मी आभार मानले.

कायद्यात उदाहरणं अक्षरांनी देतात. अ हा ब चा नवरा. अ घरातून निघून जातो. क ही अ ची आई. लिहिताना हात थांबला नाही. पण एक गोष्ट तपासताना मात्र थांबला. कायदा अ मेला असं धरतो, कधी मेला ते धरत नाही. तारीख ज्याची त्याने सिद्ध करायची. म्हणजे मी तुला सौ. लिहिते, ते कुठल्या पत्रापासून चुकत आलं असेल, ते कोणतंही कोर्ट सांगणार नाही. मग मी लिहीत राहते. नाही लिहिलं तर पोस्टमनची पंचाईत.

मार्चमध्ये सात वर्षं होतील. तुझ्या मनात काय आहे? लोभ असेल तर खरं लिही.

तुझी,
शेंडेफळ

११ ऑक्टोबर १९९६

चि. वन्संस,
अ. उ. आ.

म्हणजे मी ब. दिवसभर लोकांकडून अक्षरं वाचून घेते, शेवटी स्वतःच एक होऊन बसले.

खरं लिहायला सांगितलंस म्हणून लिहिते. दुकानात मागच्या खोलीत भिंगं घासणारे कारागीर आहेत, तू त्यांना भिंगवाले म्हणून चिडवायचीस ते. त्यांनी मला लग्नाचं विचारलं. विचारलं म्हणजे एक फ्रेम हातात देत, तुमची हरकत नसेल तर, एवढं म्हणाले आणि आत गेले. मी फ्रेम पुसत बसले. आनंद झाला का म्हणशील, तर नाही झाला. पण वन्सं, संध्याकाळी घरी जाताना आपण काहीतरी घेऊन चाललो आहोत असं पहिल्यांदा वाटलं. मला हो म्हणायचं आहे.

आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, जिच्या कानावर खबर आधी आली असती ती मी. मी कोर्टात जाऊन म्हणेन की खबर आहे. मग काय करेल तुमचं कलम?

लोभ आहे. तूच आता मार्ग काढ.

तुझी,
वहिनी

२७ एप्रिल १९९७

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

आपल्या वकीलबाईंनी अर्ज दाखल केला. माझी साक्ष पहिल्याच तारखेला, आईची ऑगस्टमध्ये. त्या दिवशी माझी प्रबंधाची तोंडी परीक्षा आहे, म्हणजे तू एकटीच असशील. आईने शपथेवर खबर आहे म्हटलं, तर कुठून, कुणाकडून, सगळं विचारतील, आणि अर्ज लोंबकळत पडेल. किती वर्षं, ते मी सांगू शकत नाही. मी तिच्याशी बोलायला बसले तर तिने माझ्या पानात आणखी वाढलं आणि उठून गेली.

तू दुकानाजवळ खोली घेतलीस ते बरं केलंस. आई म्हणते, तू निघताना येते म्हणालीस. सवयच ती, मी तिला तसं सांगितलं. तिने तोंड फिरवलं.

मला दोघींपैकी कुणाचीच बाजू घेववत नाही, आणि अर्जावर तुझ्या सहीखाली माझीही सही आहे. लोभ दोघींचाही हवा.

तुझी,
शेंडेफळ

१३ ऑगस्ट १९९७

चि. वन्संस,
अ. उ. आ.

काल आईंची साक्ष झाली. त्या एकट्याच आल्या, इस्त्रीची साडी नेसून. माझ्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. मी वरचा पंखा बघत होते. काही वाटत नव्हतं.

न्यायाधीशांनी विचारलं, मुलगा शेवटचं काय म्हणाला. आई म्हणाल्या, येतो म्हणाला. ते पुढे जायला लागले, तर आईंनी थांबवलं. हे लिहून घ्या म्हणाल्या. टंकलेखकाने टाईप केलं. वाचून दाखवा म्हणाल्या. त्याने तेही केलं.

मग त्यांनी न्यायाधीशांना विचारलं की निकाल झाला म्हणजे माझ्या सुनेच्या नावाआधी काय लिहायचं? ते म्हणाले, ते ठरवणं कोर्टाचं काम नाही. आई म्हणाल्या, बरं.

त्यानंतर खबरीचं विचारलं. आईंनी चष्मा काढून पदराने पुसला, तेवढ्यात वकीलबाईंनी माझ्या दंडाला धरलं. मग त्या म्हणाल्या, नाही. काहीच कळलं नाही. एवढंच, आणि खाली उतरल्या. उतरताना त्यांना पायरी दिसली नाही. मी हात पुढे केला, पण त्यांनी कठडा धरला.

त्यांना नवा नंबर लागला आहे, चष्मा बदलायला हवा. दुकानात या म्हणायचं राहून गेलं. तोंडी परीक्षेचं कळव. लोभ आहे.

तुझी,
वहिनी

५ ऑक्टोबर १९९७

ती.          वहिनीस,
सा. न. वि. वि.

निकालाची प्रत सोबत आहे. तू आता मोकळी आहेस. दादा कोर्टाच्या लेखी गेला, तारीख नाही. परीक्षकांनी मला पहिला वर्ग दिला आणि हात मिळवला. मी पदवी घेतली, खोलीवर आले आणि कपाट आवरलं.

वर जागा सोडली आहे, कारण काय लिहू ते कळत नाही. सात वर्षं कायदा शिकले, तुझ्या नावाआधीची अक्षरं मला ठरवता येत नाहीत. श्रीमती लिहायला बसले तर आईची आठवण झाली. सौ. लिहायला गेले तर निकालाची प्रत समोर. तुझ्या पत्रात दादा आता ‘हे’ राहिलेला नाही, आईचा ‘मुलगा’ झालाय, तेही मी पाहिलं. वाईट वाटलं की नाही, ते अजून कळलेलं नाही. कळलं की रडेन बहुतेक.

आईने तुझा नवा पत्ता मागितला. कशाला, ते सांगितलं नाही. मी दिला.

लोभ आहे, त्याला तरी मागेपुढे काही लावावं लागत नाही.

तुझी,
शेंडेफळ

१९ ऑक्टोबर १९९७

चि. सौ. कां. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

पाकिटावर काय लिहायचं ते मी ठरवलं. कोर्टाने ते माझ्यावर सोडलं होतं. लग्न ठरलेल्या मुलीला जे लिहितात तेच लिहिलं आहे. पोस्टमनने विचारलं तर सांग, बरोबर आहे.

मला लिहायची सवय नाही, नीट लागलं नाही तर सोडून दे. तुझं लग्न कुठून होणार? तुझ्या माहेरी आता कोणी नाही. इथून व्हावं असं मला वाटतं. मी मुलीकडची म्हणून उभी राहीन. शेंडेफळाला मी अजून सांगितलं नाही, तूच सांग. भिंगवाल्यांना म्हणावं, माझा चष्मा बघून ठेवा.

स्वयंपाकघरातला बल्ब परवा गेला. तूच लावलेला. नवा मी आणला आहे, पण माझा हात पोचत नाही.

तू जाताना येते म्हणालीस. तू तरी ये.

तुझी,
आई