माईचा शेंदूर

२८ ऑक्टोबर १९६३, घिवली

आज पुन्हा तेच. बाबांबरोबर बोईसरच्या बाजारात गेले. वखारवाले विचारतात, मुलगी काय शिकते? बाबा म्हणाले, "बडोद्याला चितरं काढायला शिकते." मी म्हटलं, चित्रं काढायला नाही. चित्रांचा आणि मूर्तींचा इतिहास. "म्हंजे काढायची नायत?" नाहीत. "मग काय करायचं?" बघायची. त्यांनी बाबांकडे अशा काही नजरेने पाहिलं की बाबांनीच घाईघाईने बोलणं चिकूच्या दरावर नेलं.

तीन वर्षं हेच समजावतेय. आता समजावण्याचाही कंटाळा आला. गेल्या गणपतीत शेजारच्या पुंडलिककाकांनी मखरावर मोर काढायला लावला. काढला. पोरांनी कोंबडी म्हणून ओळखला. पुढच्या वेळी कोणी विचारलं तर सरळ सांगणार — नर्सिंग शिकते!

३० ऑक्टोबर

प्रबंधाला विषय नाही. सुट्टीआधी सर म्हणाले होते, "आपापल्या भागातली एखादी जुनी वस्तू शोधा. पुस्तकात नसलेली. अजिंठ्यावर लिहून मला झोपवू नका." बाकीच्यांच्या गावांत देवळं आहेत, किल्ले आहेत. आमच्याकडे काय? समुद्र, चिकूची वाडी आणि खाली कोळीवाड्यात वाळत घातलेले बोंबील.

बाबांचं म्हणणं सरळ आहे. पहिला वर्ग मिळाला तर एम.ए. कर. नाही मिळाला तर लग्न; पाम गावचे लोक थांबलेत. मुलगा पालघरला कचेरीत आहे, घरची वाडी आहे, माणसं चांगली. नावं ठेवायला जागाच नाही. हेच तर वाईट! काही खोट असती तर भांडता तरी आलं असतं.

आणि पहिला वर्ग या प्रबंधावर अडलाय. बाकीचे पेपर बेताचेच जातात.

१ नोव्हेंबर

सापडलं! वाडीच्या कोपऱ्यातली माई!

जन्मापासून बघतेय तिला. ताडाखाली कमरेएवढा उभा दगड. शेंदराचे इतके थर की अंगाला आकार उरलेला नाही — उशी उभी करून ठेवल्यासारखी दिसते. आज सकाळी आते तिला तेल घालत होती, मी मागे उभी होते. ऊन तिरपं पडलं होतं. वरच्या कडेला, जिथे शेंदूर पातळ आहे तिथे, एक गोल उठून दिसला आणि त्याच्या बाजूला एक कोर. सूर्य आणि चंद्र! लढाईत पडलेल्या वीराच्या दगडावर असतात तसे. सतीच्या दगडावरही असतात. म्हणजे आमची माई मुळात स्मारक आहे! आठशे वर्षांपूर्वीचं असेल. मी इथे लहानपणी लपंडाव खेळलेय.

आतेला विचारलं, थोडा शेंदूर खरवडून बघू का? तिने तेलाची वाटी खाली ठेवली. "विजू, बाईमानसाचं लुगडं कोन वडतो काय?"

म्हटलं, अगं दगड आहे तो. ती म्हणाली, "शेंदराचं कवच पडायचं तेवा आपोआप पडंल. तू हात लावायचा नाय." मग दिवसभर माझ्याशी बोलली नाही. आते बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत कपाळ पांढरं करून परत आली ती इथेच राहिली. आई गेल्यापासून आम्हाला तीच आई. माईचा शेंदूर तिने कोणाला कधी लावू दिलेला नाही. ती रुसली की घरात जेवणाला चव नसते, म्हणून मीच जाऊन माफी मागितली.

१२ नोव्हेंबर, बडोदे

सर खूश आणि तरीही नाखूश. "स्मारक कशावरून?" सूर्यचंद्रावरून. "ती पाटी झाली. दुकान कसलं आहे? खाली लढाई असेल तर वीरगळ. तुमच्याकडे समुद्र — कदाचित नौकांची लढाई असेल! कोपरातून वाकलेला हात असेल तर सती. पाहिल्याशिवाय लिहायचं नाही. मला उघड्या दगडाचा फोटो हवा."

उघडा कसा करू? आते जिवंत असेपर्यंत शक्य नाही. हे मनात आलं आणि स्वतःचीच शिसारी आली.

२९ नोव्हेंबर

बरीच पानं लिहिली. सगळी "असावे", "संभवते" आणि "शक्यता नाकारता येत नाही"ची. नौकांची लढाई तर अशी रंगवलीय की जणू मीच वल्हं मारत होते.

११ डिसेंबर

अंधाऱ्या खोलीत पडद्यावर स्लाइडा. एक मूर्ती जाते, दुसरी येते. काळ? शैली? कशावरून? मला डुलकी लागली. सरांनी नाव घेऊन विचारलं, "कशावरून?" मी दचकून म्हणाले, "शेंदरावरून." वर्ग हसून हसून लोळला. पडद्यावर ग्रीक देव होता.

१३ जानेवारी १९६४, घिवली

संक्रांतीला घरी आलेय. सरांनी स्वतःचा कॅमेरा दिलाय, त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपतेय.

घरी वेगळंच चाललंय. किनाऱ्यावर सरकारचा नवा वीज-प्रकल्प होतोय, त्याचा रस्ता आमच्या वाडीच्या कोपऱ्यावरून जाणार. मोजणीवाले खुंट्या मारून गेलेत. बाबा शांत आहेत. "रस्ता झाला तर गावाचं बरंच व्हईल. कोपराच जातो, वाडी तर नाय जात ना." पण कोपऱ्यात माई आहे. तिला विहिरीजवळ हलवायचं ठरलंय. पुंडलिककाका गाडी आणणार.

ऐकलं आणि पहिला विचार काय आला? हलवताना कवच तडकलं तर! आते ओसरीवर सुपारी कातरत होती. तिच्याकडे बघवलं नाही.

१६ जानेवारी

माईला हलवलं.

सकाळी माईला नारळ दिला, आतेने गाऱ्हाणं घातलं. मग दोर बांधले. पुंडलिककाका, त्यांचा भाऊ रामा आणि बाबा असे तिघं लागले. दगड जमिनीत खोल होता. पहार घालून रेटला, तसा तो एकदम हलला आणि कवचाला वरपासून खालपर्यंत भेग गेली. एक मोठा तुकडा सुटून मातीत पडला. आतून काळा दगड.

मी कॅमेरा डोळ्याला लावला. एकच फोटो घेता आला. तेवढ्यात आते पुढे झाली, खांद्यावरचा पदर सोडून तिने दगडावर टाकला आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी राहिली. परक्या पुरुषांपुढे! बाबांनी मान वळवली.

पण पुंडलिककाकांनी बघितलं होतं. "माईचा घोडा हाय रं! माई घोड्यासंगं हाय!" सगळ्यांनी हात जोडले. दुपारपर्यंत गावभर झालं, माईने दर्शन दिलं. बायका ओट्या घेऊन येताहेत. आतेने तोपर्यंत विहिरीजवळ तिला बसवून ओल्या शेंदराचा जाड हात दिलाही होता.

घोडा नाही तो. कान मी बघितले.

१७ जानेवारी

लिहून टाकते. इथे नाही तर कुठे लिहिणार!

सूर्यचंद्राचा तिसराही एक दगड असतो. वर्गात एकदाच उल्लेख झाला होता, मुली खाली माना घालून बसल्या होत्या आणि सरांनीही घाईने पान उलटलं होतं. गधेगाळ. राजा कोणाला जमीन दान द्यायचा, तेव्हा शेताच्या हद्दीवर असा दगड रोवायचा. सूर्यचंद्र कशासाठी? ते आहेत तोवर दान चालेल म्हणून. आणि खाली शाप कोरायचा. जो ही जमीन हिरावून घेईल त्याच्या आईला हे गाढव लागेल. नुसता शब्दांत नाही, बाई आणि तिच्यावर गाढव असं चित्र काढून. वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणून.

आमची माई म्हणजे ती बाई. कोणाच्या तरी आईला दिलेली शिवी. आणि आम्ही तिची ओटी भरतो! वीर नाही, नौका नाही, सती नाही. माझी सगळी "संभवते" पाण्यात.

आज ओटीला आलेल्या बायकांना तीर्थ द्यायला मीच उभी होते. थकले.

५ फेब्रुवारी, बडोदे

फोटो स्वच्छ आलाय. इतका स्वच्छ यायला नको होता. सरांनी भिंगातून पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. "गधेगाळ! आणि कुठेही नोंद नसलेला! विजया, पहिला वर्ग गेला कुठे?" उन्हाळ्यात मुलांना घेऊन घिवलीला येणार म्हणतात. संग्रहालयालाही कळवायला हवं. कदाचित दगड उचलून न्यावा लागेल. शेंदूर काढायची रसायनं असतात म्हणे.

मला जे हवं होतं ते सगळं मिळतंय. मग जेवण का जात नाही?

९ फेब्रुवारी

काही नाही.

१४ फेब्रुवारी

प्रबंध महिनाअखेरीस द्यायचा. छापलेलं घिवलीत कोण वाचणार, असं स्वतःला समजावलं. पण मुलं येतील. भिंग घेऊन वाकतील. कोणीतरी फिसकन हसेल आणि आते विचारेल, का गं हसतात?

दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं. घरी जाऊन सांगणार आहे. कसं ते ठाऊक नाही. ज्या बाईने आयुष्यभर देव म्हणून पुजलं तिला सांगायचं, तो देव नाही, शिवी आहे? असलं शिक्षण नको झालंय.

२२ फेब्रुवारी, घिवली

काल आले. तोंड उघडत नाही. सकाळी मागे मागे फिरले, तिने केळीला पाणी घातलं, कोंबड्या सोडल्या, खोबरं वाळत टाकलं. दर वेळी शब्द ओठावर येऊन परत. शेवटी तीच म्हणाली, "भूक लागली काय? शेपटासारकी काय फिरते?"

बाबा म्हणाले, पामची माणसं येत्या महिन्यात विचारायला येणार. "तुझ्या पहिल्या वर्गाचं काय?" येईल म्हटलं.

२३ फेब्रुवारी

सांगितलं. विहिरीजवळ, ती शेंदूर कालवत होती तेव्हा. घोडा नाही आते, म्हणाले, आणि पुढे रडूच आलं.

ती कालवतच राहिली. "ठाव हाय मला. गाडव हाय."

मी विचारलं, तुला कशावरून कळलं?

"कानांवरनं. घोड्याचे कान येवडे असतात काय? मी परत आले त्या वर्सीपन कवच पडलेलं. तेवाबी सगळी घोडा म्हनून पाया पडली. मी सासरी नवऱ्याचा हिस्सा मागितलेला. दिरानं भर खळ्यात हीच शिवी घातली. मला नाय, माज्या आयेला. आये तिते नव्हतीपन." मग म्हणाली, "भांडन जमिनीचं, आनि भोगायचं हिनं. म्हनून मी तिला झाकते. उगडी कशी ठेवायची?"

फोटो दाखवला. बराच वेळ बघत राहिली. "हिला तू अशी बडोद्याला नेलीस?" शेंदराचा अंगठा तिने बरोबर त्या बाईवर टेकवला आणि दाबून फिरवला. आता फोटोत सूर्य दिसतो, चंद्र दिसतो, गाढवाचे कान दिसतात. ती दिसत नाही.

प्रबंधात हाच फोटो चिकटवणार. दुसरी प्रत काढून घ्यायची नाही. सगळं खरं लिहीन — गाढव, शाप, आणि शेंदूर कशासाठी तेही. सर विचारतीलच, कशावरून? वर्ग गेला तर गेला.

आतेला विचारलं, तुझं नाव घालू?

"घाल. तिचं तर कुनाला ठावपन नाय."