तृतीयेच्या दिवशी मायसनमध्ये

चँडलर, अमेरिका, १० जुलै

ती. आईस,

साष्टांग नमस्कार. नावाआधी ‘सौ.’ लिहायला पेन आपोआप पुढे झालं होतं. वर्ष उलटलं तरी हाताची सवय जात नाही बघ.

मी ठणठणीत आहे. पारा पंचेचाळीसवर आहे, पण नागपूरच्या मुलीला उन्हाचं काय कौतुक! पत्र बघून घाबरू नकोस. माझ्या वर्गातल्या शिवांगीची आई परवा नागपूरला निघतेय, तिच्या हाती देतेय. फोनवर तुझा चेहरा दिसला की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून हा कागद.

मायसनचे फोटो पाठवले, पण सांगितलं काहीच नाही. आम्ही बारा विद्यार्थी तीन आठवडे ड्रेस्डेनला कॉम्प्युटरची चिप बनवण्याचं काम शिकायला गेलो होतो ना, तेव्हा एक दिवस सरांनी सगळ्यांना या जवळच्या गावी नेलं. हजार वर्षं जुनं गाव. गाडीतून उतरलो तर नदीवर धुकं, आणि धुक्याच्या वर नुसता किल्ला, खाली काही नसल्यासारखा. लाल कौलं, चढत्या दगडी गल्ल्या, खिडक्यांत फुलं. आमची बडबडी मंडळीसुद्धा हळू बोलायला लागली. मला वाटलं, मी अजून गाडीत झोपलेलीच आहे.

तेवढ्यात फोन वाजला. साडेनऊ झाले होते, म्हणजे तुमच्याकडे दुपारचा एक.

आई, तिथी मला माहीत होती. ज्येष्ठ वद्य तृतीया. अमेरिकेचं पंचांग बघितलं, एका दिवसाची गफलत झाली, हे मी तुला रचून सांगितलं. तू ते खरं मानलंस आणि घरभर माझी बाजू घेत फिरलीस.

शिवांगी म्हणाली, “अगं, आईचा कॉल आहे यार, पिक अप कर ना!” मी म्हटलं, “नंतर करते,” आणि फोन स्विच ऑफ केला. तू तिकडे तुझा फोन पाटासमोर टेकवून बसली होतीस. बाबांच्या वर्षश्राद्धाचा संकल्प मुलीनंच सोडायचा, व्हिडिओवरून का होईना, म्हणून तू मनोहरकाकांशी भांडलीस, गुरुजींना राजी केलंस. आणि मी पाऊण तास सगळ्यांना ताटकळत ठेवलं. शेवटी काका पाटावर बसले. “तरी मी म्हणत होतो,” असं ते म्हणाले असणारच.

का केलं, ते सांगते. बाबा गेले तेव्हा काका म्हणाले, “तू पोचेपर्यंत सगळं उरकेल, परीक्षा दे.” मी लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच, की मला माझीच लाज वाटते. मग त्यांना नेताना मी फोनवर पाहिलं. फोन काकांच्या नकुलदादाने धरला होता. बाबांच्या कपाळावरच चित्र अडकलं आणि कॉल कटला. अर्ध्या तासाने मी पेपर लिहायला बसले. पासही झाले. फोनच्या त्या चौकटीत पुन्हा बाबांसाठी काही करायचं माझ्याच्याने होईना.

दोन तास मी त्या गल्ल्यांतून एकटीच भटकले. साडेअकराला चर्चच्या घंटा वाजल्या. चिनी मातीच्या आहेत त्या, आपल्या लोणच्याच्या बरणीसारख्या! आवाज इतका नाजूक की बाबा शेजारी उभे राहून दाद देत मान हलवताहेत असं वाटलं. मी त्यांना म्हटलंसुद्धा, “बघा, बरणी वाजतेय.” आणि भर चौकात बसून रडले. वर्षात पहिल्यांदा. शिवांगी शोधत आली आणि शेजारी बसली.

पितृपक्षातल्या तृतीयेला मी येतेय. सरांकडून सुट्टी घेतली, तिकीट काढलं. पाटावर मी स्वतः बसेन, गुरुजी काय म्हणतील ते म्हणोत. काकांना मात्र मी यायच्या आधी खरं सांग. ते तुला चार शब्द सुनावतील, माहीत आहे. पण माझं खोटं तू खरं म्हणून सांगत फिरतेस, ते मला सहन होत नाही.

रागावली असशील तर रागाव. पण मी येईन त्या दिवशी घरीच थांब, दार तूच उघड.

तुला फसवलेली, तुझीच,
उर्वी